औटकी आणि मानपान

परवा पुणे स्टेशनवर माझ्या फोनने मान टाकली. शेजारच्या पोराने आपला फोन पुढे केला. "लावा काका घरी." फोन हातात घेऊन मी नुसताच उभा. बायकोचा नंबर मला कधी पाठ नव्हताच. तो माझ्या फोनला पाठ होता. मला आठवला तो गावाकडच्या काळ्या डबड्याचा, पाच आकडी. त्या डबड्यालाही जाऊन आता वीस वर्षं झाली असतील.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी तर येतच, पण औटकीही येई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनच्या दराने सतरा शेरांचे किती, तर वाणी कानावरची पेन्सिल काढेपर्यंत आजोबांचं "साडेएकोणसाठ" येऊन गेलेलं असे.

माझ्या या विसरण्याच्या दुखण्याचं निदान प्लेटोने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच केलंय. त्याच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस इजिप्तची एक गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाचा देव लिपी शोधून काढतो आणि सेल्समनच्या उत्साहात थॅमस राजापुढे मांडतो: हिने माणसांची स्मरणशक्ती वाढेल! राजा म्हणतो, छे, उलट विसरतील. आतलं आठवायचं सोडून बाहेरच्या खुणांवर विसंबतील. आपल्याकडेही 'पाणिनीय शिक्षा' या जुन्या ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार दिलेत. गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा अशांच्या पंगतीत लिहिलेलं पाहून वाचणाराही बसवलाय. पोथीत बघणं म्हणजे तेव्हाची कॉपीच.

पण राजेसाहेबांचा हिशेब थोडा चुकला, असं मला वाटतं. विसरतो आपण, पण निवडून. १९८७ साली चुलतभावाच्या लग्नात मला टोपी-उपरणं न देता नुसत्या नारळावर बोळवलं होतं. नारळ लहान होता. शेंडीही नव्हती त्याला. हे मी कुठे लिहून ठेवलेलं नाही, कुठल्या यंत्रात भरलेलं नाही, तरी एक अक्षर पुसलं गेलेलं नाही. पाढे कॅल्क्युलेटरला दिले, रस्ते नकाशाला दिले, वाढदिवसही फोनला देऊन टाकले. मानपान मात्र कुणाच्या हवाली करायला मन धजत नाही.

पोराला फोन परत केला आणि रिक्षा केली. घरी दार उघडताच प्रश्न आला, "एक फोन नाही करता आला?"

"तुझा नंबर आठवला नाही," मी खरं ते सांगून बसलो.

ते वाक्य आता तिला पाठ आहे. तारखेसकट.