रुळेल हवालदार

आलापल्लीहून निघालेल्या काळी-पिवळीचा गिअर पेरमिलीच्या अलीकडे अडकतो. ड्रायव्हर दांड्याशी झोंबतोय, कोंबड्या ओरडतायत, आणि मागच्या बाकावरून शांत आवाज येतो, ‘‘काहून घाई करता भाऊ? रुळेल.’’

गिअरबॉक्स हवालदारांच्या नोकरीपेक्षा जुना असतो. तरी रुळेल.

हेमलकशाच्या चहाटपरीवर हा शब्द रोज ऐकू येतो. कुकरचं झाकण बसत नाही? रुळेल. मोबाइलला रेंज नाही? टॉवर नवा आहे, रुळेल. पर्लकोटेला पूर येऊन पूल बुडाला, पलीकडे भामरागड तुटलं, तेव्हाही त्यांनी गढूळ पाण्याकडे पाहून म्हटलं, ‘‘पहिला पाऊस आहे. नदी रुळेल.’’ ऑगस्ट संपत आला होता. त्यांची बायको एवढंच म्हणते, ‘‘पस्तीस वर्षं झाली, हे कधी रुळणार?’’

हवालदारांचा हा आजार पोलिसांच्या कोतातला, म्हणजे जिथे रायफली नंबरवार उभ्या असतात त्या खोलीतला. १९६२ च्या युद्धात आपले जवान दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातली एसएलआर आली आणि पुढे पोलिसांकडेही पोचली. ७.६२ ची गोळी, मॅगझिनमध्ये वीस. चाप दाबला की एकच गोळी सुटते; पुढची गोळी रायफल स्वतःच भरून घेते. गोळीमागचा थोडा वायू नळीतल्या छिद्रातून पिस्टनवर आदळतो, आतला सांगाडा मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलते.

कागदावर, म्हणजे. पेटीतून नुकत्याच काढलेल्या रायफलीचं कॉकिंग हँडल ओढताना नव्या पोराचं तोंड लाल व्हायचं. चांदमारीवर तिसऱ्या गोळीला पुंगळी अर्धवट अडकायची. ‘‘हवालदारसाहेब, जाम झाली!’’

‘‘जाम नाही. नवी आहे.’’

इथे मात्र हवालदार खरोखर शहाणे होते. ते सांगाडा कानाशी धरून सावकाश मागे-पुढे करायचे, आंबा पिकलाय का ते हुंगून बघावं तसे. सगळीकडे सारखा घट्ट लागला तर काळजी नाही: कारखान्याचं ग्रीस घट्ट बसलंय, घासल्या जाणाऱ्या कडा अजून खरखरीत आहेत, स्प्रिंग ताठ आहे. ग्रीस पुसा, हलकं तेल द्या, रेग्युलेटर फिरवून वायू जरा जास्त सोडा आणि शंभर-दोनशे गोळ्या उडवा; मग ‘मख्खन’ चालते. पण दर वेळी नेमक्या एकाच जागी अडली, तर ती रायफल लगेच वर्कशॉपला. तिथे ‘रुळेल’ म्हणणारा माणूस जवानाचा जीव घेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो फरक ते फक्त रायफलीपुरता पाळायचे. बाकी जगाला सरसकट एकच औषध.

१९९० मध्ये गडचिरोलीत के. पी. रघुवंशींनी नक्षलवाद्यांशी लढायला साठ जवानांचं सी-६० पथक उभारलं. हवालदारांच्या मते ते यशस्वी झालं, कारण स्थानिक पोरं जंगलात आधीच रुळलेली होती. १९७३ साली बाबा आमट्यांनी इथे हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा माडिया आदिवासी दवाखान्याकडे फिरकेनात; म्हणून डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी त्यांची भाषा शिकले. ‘‘म्हणजे काय,’’ हवालदार हात झटकतात, ‘‘ग्रीस पुसलं.’’

एका तारखेला मात्र हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही. ८ ऑक्टोबर २००९, लाहेरी. नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात सतरा पोलीस गेले. त्या दिवशी हवालदार टपरीवर येतात, चहा घेतात आणि कुणी काहीही नादुरुस्त म्हटलं तरी गप्प बसतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. टीव्हीवर सगळे माणसांचे चेहरे बघत होते. हवालदार पुढे मांडलेल्या बंदुका. ‘‘मख्खन चालत असतील,’’ ते पुटपुटले. नेहमी याच शब्दावर त्यांचा चेहरा खुलायचा. या वेळी त्यांनी पेला खाली ठेवला. रायफल मख्खन चालायला किती गोळ्या लागतात, हे त्या टपरीवर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

थोड्या दिवसांनी एक तरुण शिपाई टपरीवर आला. नवी रायफल मिळालीय, फार आखडते, हात भरून येतो, अशी तक्रार. टपरीवाल्यानं गाळणी थांबवली. दोघा-तिघांनी ओठांवर ‘रु’ आणून ठेवला.

‘‘एकाच जागी अडते का?’’ हवालदारांनी विचारलं.

‘‘नाही, सगळीकडेच घट्ट.’’

‘‘मग राहू दे घट्ट. चांदमारीपुरती चालली म्हणजे झालं. तुझ्या रिटायरमेंटपर्यंत अशीच घट्ट राहू दे.’’

टपरी गप्प झाली. हवालदार उठले आणि दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या नव्या चपलेनं सोललेली टाच वर धरून, लंगडत घराकडे निघाले.