नाझरसाहेबांचा मुआयना

तपासनीस येणार अशी वर्दी लागताच ज्यांच्या पोटात गोळा उठतो अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. परंतु ती वर्दी यायची कायमची थांबली म्हणून ज्यांचे अन्नावरचे मन उडते, अशा विरळ पंथातले आमचे नाझरसाहेब होत. उभी हयात त्यांनी दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात काढली. 2003 च्या ऑगस्टात बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी मुआयन्याचे साहेब खंडव्याहून येत, आणि ते येण्याआधीचा पंधरवडा नाझरसाहेबांच्या लेखी दिवाळीहून थोर असे. बारनिशीच्या वह्यांना नवे पुठ्ठे चढत, जप्तीच्या मालाची फेरिस्त पुन्हा लिहिली जाई, गंजलेल्या कुलपांच्या तोंडी तेल पडे, आणि या सर्व तपश्चर्येचे फळ म्हणून साहेब जाताना लाल शाईत शेरा लिहून जात : ‘दप्तर समाधानकारक, तथापि दौतींची नोंद अद्ययावत नाही.’ यातील ‘समाधानकारक’वर नव्हे, ‘तथापि’वर नाझरसाहेबांचा जीव होता. ज्याने खोट काढली नाही त्याने पाहिलेच नाही, असा त्यांचा सिद्धांत असून तो त्यांनी सासरेपणाच्या भूमिकेतही निष्ठेने पाळला.

अशा पुरुषाला सेवानिवृत्तीने काय यातना झाल्या असतील याची कल्पना करावी. त्यांच्या घड्याळाची, छत्रीची किंवा पासबुकाची झडती घेण्यास कोणीही येईना. या विरक्त अवस्थेत, पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी आखाजीच्या मुहूर्तावर विजेवर चालणारी मोटार वडिलांच्या अंगणात आणून उभी केली. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे, एमपी 68 ची नोंदणी, आणि चालताना आवाज म्हणून नाही. आळीत तिला ‘बॅटरीवाली’ असे नाव पडले. मोटारीचे कागद हाती येताच नाझरसाहेबांनी प्रथम, कोणीही करणार नाही ते केले : ते आद्यन्त वाचून काढले. त्यातून जो निष्कर्ष निघाला त्याने ते हादरून गेले. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते, आणि तोवर तिची प्रकृती कशी आहे हे विचारण्याचा अधिकार सरकारने कोणाला दिलेलाच नाही! उलट हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या भाड्याच्या मोटारीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल तपासणीस हजर राहावे लागते, आणि नमुना 38 मधला योग्यतेचा दाखला, ज्याला लोक ‘फिटनेस’ म्हणतात, तो मिळवावा लागतो. शनवाऱ्याच्या वेशीपाशी उभ्या असलेल्या भाडोत्री गाड्यांकडे नाझरसाहेब तेव्हापासून ज्या दृष्टीने पाहू लागले, तिला असूया म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

त्यांच्या जखमेवर मीठ चोळले ते इंग्लंडातील कन्येने. तिकडे 1960 सालापासून खाजगी मोटारींचीही तपासणी होते, प्रारंभी ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांपुरती होती, पुढे तीन वर्षांवर आली, आणि तेथून पुढे ती दरवर्षी चुकत नाही; जावईबापूंच्या विजेच्या मोटारीलाही तिच्यातून सुटका नाही, मात्र धुराची परीक्षा तेवढी तिला माफ आहे, हे सर्व तिने दूरध्वनीवर सहज सांगितले. “दरवर्षी?” एवढेच नाझरसाहेब उद्गारले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे काकूंचे म्हणणे आहे.

दुसऱ्या दिवशी निर्णय झाला. सरकार मुआयना करीत नसेल तर तो आपण करावयाचा, आणि तो दरसाल आखाजीला. पाडव्यापासून तयारीस आरंभ व्हावयाचा, अर्जदार म्हणून नाझरसाहेबांनी अर्ज द्यावयाचा, तपासनीस म्हणून तो नाझरसाहेबांनीच दाखल करून घ्यावयाचा, आणि अर्जात उणीव आढळल्यास अर्जदारास पूर्ततेसाठी आठ दिवसांची मुदत द्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे. ही मुदत त्यांनी स्वतःला दोनदा नाकारली आहे, असे ते अभिमानाने सांगतात.

आता बऱ्हाणपुराचा चैत्र म्हणजे काय हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. दुपारी यंत्रमागदेखील दम खाऊन चालतात असे वाटते. अशा उन्हात नाझरसाहेब ओला पंचा डोक्यावर टाकून मोटारीच्या चाकाशी उकिडवे बसलेले असतात आणि जावयाने पाठविलेले वीस पेन्सचे नाणे टायरच्या खाचांत उभे घालून पाहत असतात. नाण्याची बाहेरची कडा खाचेत पूर्ण बुडाली तर टायर पास. विजेची मोटार पोटातल्या बॅटरीमुळे वजनाने भारी, शिवाय तिचा जोर पाय ठेवताक्षणीच चाकाला लागतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात ही गोष्ट खरी; परंतु जी मोटार वर्षभरात रावेरपर्यंत आणि इच्छापूरच्या देवीपर्यंत जाऊन येते, तिच्या टायरांना झिजण्याची संधी कोण देतो? नाणे दरवर्षी बुडते. नाझरसाहेब दरवर्षी किंचित खिन्न होतात.

पुढचे झाकण उघडल्यावर नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा दिसतात. त्या मुख्य बॅटरीच्या, प्राणघातक दाबाच्या विजेच्या. त्यांना शिकल्यासवरल्या कारागिराखेरीज कोणी हात लावू नये असा दंडक आहे, आणि तो नाझरसाहेब इतक्या काटेकोरपणे पाळतात की, त्या रकान्यात ‘दुरून पाहिले, स्वस्थ आढळले’ अशी नोंद करून ते पुढे सरकतात. खरा गोंधळ उडाला तो पलीकडच्या लहानशा बारा व्होल्टच्या बॅटरीने. एका पाडव्याला पाहतात तो दार उघडेना, दिवा लागेना, पडदा उजळेना. मुख्य बॅटरी आदल्या दिवशीच काठोकाठ भरलेली! मिस्त्रीने येऊन सांगितले की, मोठी बॅटरी गाडी ओढते खरी, पण तिला जागे करण्याचे काम या छोटीकडे आहे, आणि गाडी उभीच राहिल्याने छोटी बसली आहे. नाझरसाहेबांना हे क्षणात उमगले, इतके की पुढचे स्पष्टीकरण त्यांनीच मिस्त्रीला दिले : न्यायाधीश हजर, वकील हजर, पक्षकार हजर, परंतु किल्ल्या घेऊन शिपाई रजेवर गेलेला. त्या वर्षी मोटारीला दाखला नाकारण्यात आला. नाझरसाहेबांचे वजन मात्र त्या महिन्यात वाढले.

धुराच्या दाखल्याचे प्रकरण याहून अवघड. विजेच्या गाडीला प्रदूषणाच्या चाचणीतून कायद्यानेच माफी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण माफी आहे म्हणून फायलीतले एक पान कोरे ठेवावयाचे हे त्यांच्या प्रकृतीस मानवेना. ते मोटार घेऊन धूर तपासणाऱ्या केंद्रावर गेले. तिथला पोरगा हातात नळी घेऊन मोटारीच्या मागे गेला, वाकला, पुन्हा वाकला, आणि मग गंभीरपणे म्हणाला, “साहब, नली डालूँ किधर?” धूर निघतच नाही तर तसे लेखी द्या, निरंक म्हणून द्या, असा नाझरसाहेबांचा आग्रह. अखेरीस मागे लागलेल्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवून हे प्रकरण तहकूब केले.

ब्रेकची परीक्षा हा मुआयन्यातला कळस होय. विजेच्या मोटारीत पाय उचलताच मोटर उलट्या कामाला लागते, गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत परततो, आणि त्यामुळे खऱ्याखुऱ्या ब्रेकच्या तबकड्या कामावाचून गंजत बसतात. त्यांवरचा तांबूस थर उतरविण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर चारदोनदा कचकचून ब्रेक दाबावा लागतो. यासाठी नाझरसाहेबांनी असीरगडाची वाट पसंत केली. अकबराने 1601 साली जो गड घेऊन दख्खनचा दरवाजा उघडला, त्याच्या चढणीवर बॅटरीचा आकडा भराभर उतरतो आणि परतीच्या उतारावर तो एकेक अंशाने चढू लागतो. या चढत्या आकड्याला ते ‘थकबाकीची वसुली’ म्हणतात व तेवढ्यापुरते त्यांच्या मुद्रेवर स्मित दिसते. अशाच एका वसुलीच्या वेळी, रस्ता रिकामा पाहून, पूर्वसूचना न देता त्यांनी ब्रेक दाबला. शेजारी काकू होत्या. त्यांच्या मांडीवर, व्याह्यांकडे न्यावयाचा, तुपात फेटून हलका केलेला दराबा डब्यात होता. डबा मांडीवरच राहिला, दराबा समोरच्या काचेवर गेला. “अहो, सांगायचं तरी!” काकू म्हणाल्या. नाझरसाहेबांनी गाडी कडेला घेतली, वही काढली आणि लिहिले : ‘ब्रेक समाधानकारक, तथापि पुढील आसनावरील इसम असावध.’ पंच म्हणून त्याखाली सही करण्यास काकूंनी जो नकार दिला तो आजतागायत कायम आहे.

काकूंचे याबाबतचे मत स्वतंत्र आहे. बऱ्हाणपुराखालून वाहणारा कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला, भुयारातून केवळ उताराच्या बळावर पाणी आणणारा; त्याला आजवर कोणी दाखला दिला नाही, तरी पाणी येतेच ना, असा त्यांचा सवाल. यावर नाझरसाहेब म्हणतात, “म्हणूनच ते कुंड्यांतून डोकावून बघावं लागतं.” काय ते मला अद्याप उमगलेले नाही.

या विद्येची कीर्ती अखेर लालबागेपर्यंत पोहोचली. स्टेशनावर विजेची टॅक्सी चालविणारा एक तरुण, उद्या खरोखरीचा फिटनेस आहे म्हणून, आदल्या संध्याकाळी नाझरसाहेबांच्या दारी उभा राहिला. पिवळी अक्षरे! नाझरसाहेबांनी रात्रभर कंदील धरल्यासारखा मोबाइलचा दिवा धरून त्याची गाडी तपासली. भोंगा, वायपर, मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, त्यातल्या आयोडिनची मुदतसुद्धा. आणि पहाटे अनुक्रमणिकेसह जाडजूड फाइल त्याच्या हवाली केली.

दुपारी तो मावा जिलेबीचा पुडा घेऊन परतला.

“काका, झालं काम.”

“शेरा काय मारला?”

“शेरा कसला, काका? कागद पाहिले, गाडी पाहिली, फोटो काढला, पास म्हणाले. बाकीची फाइल परत दिली.”

“तथापि वगैरे काही नाही?”

“काही नाही.”

नाझरसाहेबांनी जिलेबीचा पुडा बाजूला सारला, फाइल पुढे ओढली, चष्मा पुसला आणि त्या पोराला म्हणाले, “बैस जरा. आणि आतून ती लाल शाईची दौत मागून घे.”