आता खोललंच आहे तर…

सिडनीच्या वेस्टमीडमधल्या आपल्या माणसाचं चाळिशीपर्यंत सगळं सुरळीत असतं. सिटिझनशिप झालेली, टाउनहाउसचे हप्ते अंगवळणी पडलेले, दारात पांढरी टोयोटा. मग एका रात्री बायको झोपल्यावर तो मोबाइलवर जुन्या पोर्शे बघायला लागतो.

त्याला सापडते २००१ ची बॉक्स्टर. नवी होती तेव्हा लाख डॉलरच्या आसपासची, आता वीस-पंचवीस हजारांत. एवढ्यात नवी कोरोलाही येत नाही! आपला माणूस वेगाला भुलत नाही, सवलतीला भुलतो. पाऊण किंमत माफ म्हटल्यावर तो रणगाडासुद्धा घेईल आणि पार्किंगचं नंतर बघेल.

या हिशेबात एक बारीक गोष्ट सुटते. किंमत गाडीची उतरलेली असते, पार्टची नाही. गाडी म्हातारी झाली, तरी तिचा वॉटर पंप अजून लाख डॉलरच्या गाडीचा वॉटर पंप आहे आणि त्याच इतमामात येतो. तासाला दीडशे-दोनशे डॉलर लावणारा मेकॅनिकही ज्येष्ठ नागरिक म्हणून सूट देत नाही.

कायद्याचा आधार म्हणाल, तर न्यू साउथ वेल्समध्ये डीलरकडच्या जुन्या गाडीला तीन महिने किंवा पाच हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. अट एवढीच की गाडी दहा वर्षांच्या आतली आणि १,६०,००० किलोमीटरच्या आत चाललेली हवी. म्हणजे जिला फारशी गरज नाही तिला. मालकाकडून परस्पर घेतली तर तेही नाही. राहिली पिंक स्लिप, म्हणजे रजिस्ट्रेशनसाठीची तपासणी. त्यात ब्रेक, टायर, दिवे तपासतात. इंजिनाच्या पोटात काय शिजतंय हा पिंक स्लिपचा विषय नव्हे.

पोटात असतं एक बेअरिंग. इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या दांड्याच्या टोकाला, मुठीत मावेल एवढं. कारखान्यात ग्रीस भरून सील केलेलं. वर्षं सरतात तसं सील थकतं, ग्रीस धुपून जातं, बेअरिंग झिजतं. ते फुटलं की टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा कारभार आटोपतो. नवं इंजिन बसवायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. अमेरिकेत यावर खटला होऊन २००१ ते २००५ च्या काही गाड्यांबाबत २०१३ साली तडजोडही झाली. बहुतेक गाड्यांची बेअरिंगं शाबूत राहतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मालकाची झोप राहत नाही.

बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि इथे मेकॅनिक, मग तो लेबनीज असो, व्हिएतनामी असो की आपला पंजाबी, चिंध्यांना हात पुसत शांतपणे म्हणतो, "आता खोललंच आहे तर क्लच बदलून घ्या." क्लच काढलाच आहे, तर मागचं ऑइल सील, तिथून तेल झिरपतंच. गाडी लिफ्टवर आहेच, तर कूलंटची टाकी. ती आज ना उद्या तडकणार. घराला रंग काढलेल्या कोणालाही ही भाषा कळेल. पंचाईत अशी की तो खोटं बोलत नसतो. पुन्हा उघडायचं तर पुन्हा तेवढीच मजुरी. दोन हजार मनात धरून गेलेला माणूस सहा हजार भरून बाहेर येतो, आणि वर पैसे वाचवल्याचा आनंदही घेऊन येतो.

हे सगळं वेस्टमीडमध्येच व्हावं, ही खरी गंमत. १९७८ पासून इथे मोठं हॉस्पिटल आहे. १९९५ मध्ये मुलांचं हॉस्पिटलही कँपरडाउनहून इथे आलं. मेडिकेअर कार्ड असलं की माणसाच्या हृदयाची झडप सरकारी खर्चाने बदलून मिळते. इंजिनाच्या झडपेसाठी मात्र घराचं कर्ज वाढवून घ्यावं लागतं.

अशा वेळी पिंपरीहून वडील येतात. टेल्कोत हयात गेलेली.

"बॉनेट उघड बघू."

उघडलं. आत गालिचा आणि स्टेपनी.

"मग इंजिन मागे असणार."

डिकीतही गालिचा. कोपऱ्यात तेलाचं एक झाकण आणि पाण्याचं एक.

"मध्ये आहे, बाबा. सीटच्या मागे. वरून दिसत नाही."

"आणि प्लग साफ करायचा झाला तर?"

"गाडी लिफ्टवर घ्यावी लागते."

वडील गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात. "आपली चेतक आडवी केली की सुरू व्हायची. हिला एकदा आडवी करून बघितलीस का?"

बरं, एवढं करून ती पळवायची कुठे? हॉक्सबरी रोडवर एकीकडे ट्राम, दुसरीकडे शाळेची चाळीसची पाटी आणि ती पाळली जाते का हे बघणारा कॅमेरा. रविवारी छत उघडून तो वेंटवर्थविलला कोथिंबीर आणायला जातो.

दोन वर्षांनी जाहिरात पडते: 'हौशी मालक, बेअरिंग बदललेलं, सर्व बिलं सोबत.' बेअरिंगचा खर्च आता दोष नसतो, गुण असतो. बिलांची फाइल जितकी जाड तितकी गाडी जिवापाड जपलेली, असा या बाजाराचा नियम आहे. पेंडल हिलचा एक तरुण शनिवारी बघायला येतोय. आपल्याकडचाच आहे, नुकताच पर्मनंट झालाय. फाइल त्याला दाखवायची ठरली आहे. बेरजेचं पान बायकोने काढून ठेवलंय.