डोक्यावरच्या भोवऱ्यास खुले पत्र

महागाव, जि. यवतमाळ

भोवऱ्या,

तुला ‘प्रिय’ म्हणणार नाही. तू हट्टी आहेस, हे गावातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. खोबरेल चोपडा, पाणी मारा, जेल लावा, क्लिप खोचा. शाळेची प्रार्थना सुरू व्हायच्या आत तुझे चार केस पुन्हा ताठ. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोराच्या डोक्यावर झुबका उभा राहिला म्हणून कुणाचं काही अडत नाही. माझी तक्रार तुझ्या चहाडखोरपणाबद्दल आहे.

तुझं मूळ मला ठाऊक आहे, तेव्हा माझ्यापुढे दैवी खुणेचा आव आणू नकोस. गर्भ दहा ते सोळा आठवड्यांचा असतो तेव्हाच तुझी जागा ठरते. आत मेंदू वाढत असतो, वरची कातडी ताणली जात असते आणि केसांची मुळं त्याच सुमाराला तिच्यात रुजत असतात. कातडी जशी ओढली जाईल तशी मुळं कलतात. स्मिथ आणि गाँग या संशोधकांनी 1973-74 मध्ये हे मांडलं. म्हणूनच पोराला माहूरगडावर नेऊन जावळ काढलं तरी तू जात नाहीस. वस्तरा केस नेतो, मुळाचा कल कातडीखाली तसाच राहतो.

गणितही तुझ्याबद्दल हेच सांगतं. पॉइनकारे यांनी 1885 मध्ये आणि ब्राउअर यांनी 1912 मध्ये जे सिद्ध केलं त्याचा सोपा अर्थ असा, की अंगभर केस असलेला चेंडू कसाही विंचरला तरी एखाद्या ठिकाणी केस बसणारच नाहीत. माणसाचं डोकं म्हणजे पुरता चेंडू नव्हे. पण कपाळ, कानशिलं आणि मान अशा चहूबाजूंना केस बाहेर उतरायचे असतील, तर मधे कुठेतरी वळसा पडणं भागच आहे. तू कुणाच्या पापाचं फळ नाहीस आणि पुण्याचंही नाहीस.

असं असताना लोकांच्या नशिबाची साक्ष द्यायला तू कसा काय उभा राहतोस?

आधी बैलाचं बोलते. आमच्या भागात कापूस नि सोयाबीन. ट्रॅक्टर आला तरी डवऱ्याला, वखराला बैल लागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, दुसऱ्या दिवशी झूल घालून त्याला तोरणाखाली उभं करायचं, झडत्या म्हणायच्या. आणि तोच बैल विकायची पाळी आली की दात, खूर, चाल सगळं नीट असूनही घेणाऱ्याचा हात अंगावरून फिरत फिरत तुझ्यापाशी थांबतो. “भोवरा वाईट जागी हाये, धन्याले लाभत नाही.” तिथे भाव पडतो. पेरणीला पैसे हवे म्हणून दावणीचा बैल काढणाऱ्या माणसाचे पैसे तुझ्यामुळे कापले जातात, आणि कापणाऱ्याला ते पाप वाटत नाही, उलट जाणकारी वाटते.

टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दीड हजारांच्या आसपास जनावरं पाहून 1995 मध्ये लिहिलं, की डोळ्यांच्या वर भोवरा असलेली जनावरं कोंडल्यावर जास्त बिथरतात. ते मी नाकारत नाही. कातडी आणि मेंदू गर्भातल्या एकाच थरातून घडतात, तेव्हा स्वभावाचा थोडा धागा तुझ्याशी जुळत असेलही. पण बैल बिथरणं वेगळं आणि धनी बुडणं वेगळं. धनी कशानं बुडतो ते यवतमाळ जिल्ह्यात तुझ्याकडून शिकायची गरज नाही. पाऊस, बोंडअळी, कर्ज आणि पडलेला भाव, एवढं आम्हाला दिसतं.

आता पोरींचं. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे आहे.

मोजक्या माणसांच्या डोक्यावर तुम्ही दोघे असता. पोराच्या डोक्यावर दोन सापडले की घरभर हसू फुटतं. “दोन बायका करशीन बे!” आजोबा त्याच्या पाठीवर थाप मारतात, तोही छाती काढून सगळ्यांना डोकं दाखवत फिरतो. तेच दोन भोवरे त्याच्या बहिणीच्या डोक्यात सापडले तर तेल लावणारा हात थांबतो. कुणी हसत नाही. दोन लग्नं म्हणजे पहिला नवरा जाणार, किंवा ही टिकणार नाही, एवढा हिशेब न बोलता होतो. आई दुसऱ्या दिवसापासून भांग बदलते. वेण्या एवढ्या आवळून घालते की पोरीची कानशिलं दुखतात. मोकळे केस सोडायचे नाहीत, बॉयकट करायचा नाही, सलूनमध्ये कापायचा हट्ट धरायचा नाही. का, ते तिला कुणी सांगत नाही.

आणि तू काय करतोस? पाहुणे बैठकीत बसलेले असतात, ती पोह्यांची बशी ठेवायला वाकते, आणि नेमका तेव्हा तुझा एक झुबका वेणीतून सुटून वर येतो. येणाऱ्यांत एखादी जाणती बाई असतेच. ती लाडानं डोक्यावरून हात फिरवते, बोटं तुझ्यावर थबकतात, “केस छान आहेत हो,” म्हणते. नंतर निरोप येतो, की पत्रिका जुळत नाही.

हे मी पाहिलं आहे. माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिलं आहे. तिनं शिक्षण घेतलं, नोकरी धरली, घरच्यांचं आजारपण काढलं. त्यातलं काहीच त्या बोटांना लागलं नाही. तू लागलास. तिच्या आईला मी स्मिथ-गाँग सांगितले, चेंडूचं गणित सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या पाहुण्यांसाठी पिनांचं नवं पाकीट आणलं. तिच्यावर मला रागावता येत नाही. तिला भीती आहे आणि भीतीपुढे गणित तोकडं पडतं.

राग तुझ्यावरही किती काढणार? तुझ्या कातडीला कान नाहीत. म्हणून हे पत्र उघडं ठेवलं आहे, ती बोटं ज्यांची आहेत त्यांनीही वाचावं म्हणून. पोरगी पसंत नसेल तर तसं सांगा. हुंडा हवा असेल तर तोंडानं मागून दाखवा, 1961 चा कायदा काय करतो ते कळेल. पण तिच्या डोक्यावरच्या केसांच्या वळशाआड लपू नका.

आणि तुला एवढंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहुणे येणार आहेत. वेणी मी घालणार आहे, सैल घालणार आहे, पिना लावणार नाही. कुणी विचारण्याआधी मीच सांगणार आहे, की हिला दोन भोवरे आहेत, आता मुलाचंही डोकं बघू द्या.