पहाटेची सुकती

कोकणच्या किनाऱ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगता येतात: वाळूची पुळण आणि खडकाळ किनारा, ज्याला स्थानिक लोक खडप म्हणतात. पर्यटन हा जवळपास सर्वस्वी पुळणीचा विषय असून खडपावर घोडागाडी धावत नाही, सेल्फी काढताना पाय घसरतो आणि भेळेची गाडी तिथवर नेण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. ओहोटीला, म्हणजेच सुकतीला, खडकांच्या खळग्यांत समुद्राचे जे पाणी मागे राहते ती डबकी मात्र खडपावरच असतात, त्यामुळे त्यांच्या अभ्यासकाला एकांत फुकट मिळायला हवा. तो मिळत नाही, याचे कारण भूगोलात कमी आणि अंथरुणात अधिक आहे.

पूर्ण भरतीची वेळ काढण्याचे एक जुने गणित आहे: तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागायचे. पौर्णिमेचे 15 धरले तर सव्वाअकरा येतात, आणि भरती व ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असल्यामुळे पाणी सर्वांत खाली जाते ते पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी येते, म्हणजे घावने, आंघोळी आणि गाडीत पुढे कोणी बसायचे हा वाद आटोपून निघालेल्या कुटुंबाला अगदी सोयीची; परंतु तेव्हा चंद्र आणि सूर्य यांची ओढ परस्परांशी काटकोनात असल्याने भांगाची, अर्थात कमी चढउताराची, भरती-ओहोटी असते आणि समुद्र केवळ शिष्टाचार म्हणून चार पावले मागे सरतो. खडप भरपूर उघडे पाडणारी पौर्णिमेची सुकती मात्र निर्मनुष्य असते ती पहाटेची, आणि तेव्हा अभ्यासकही अंथरुणातच असतो.

गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खडकातल्या अरुंद घळीत शिरलेले भरतीचे पाणी उंच उसळते, ते पाहायला गर्दी होते, आणि सुकतीला ‘आज काही उडत नाही’ असा निकाल देऊन गाड्या दशभुज गणपतीच्या देवळाकडे वळतात. अशा वेळी भोवतीचे खडप, त्यावरच्या कालवांसह, पूर्ण रिकामे असते. मुंबईत हाजी अलीला उलट ओहोटीलाच वाट उघडते आणि माणसांची रीघ लागते, पण वाट सोडून खडकांवर वाकून पाहण्याइतकी सवड तिथे फारच थोड्यांना असते.

डबक्यात पाहण्यासारखे पुष्कळ असले तरी शंखवासी खेकड्याइतका बोधप्रद प्राणी विरळा. मऊ पोटाचा हा जीव मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो, वाढला की मोठा शंख शोधतो, आणि मोठा शंख रिकामा झाल्याची वार्ता पसरताच काही जातींतले खेकडे आकारमानाप्रमाणे रांग लावतात, जेणेकरून पहिल्याने घर बदलताच मागच्या प्रत्येकाला पुढच्याचे जुने घर मिळावे; गृहनिर्माण संस्थेतील सभासदांना हे विनातक्रार जमल्याचे ऐकिवात नाही. शोकेससाठी शंख गोळा करणारे पर्यटक ही रांग कुठे मोडतात, हे सांगायला नको.

अशा डबक्यावर कोणी अर्धा तास वाकून बसले, की कालवे काढायला आलेली एखादी बाई, जी कोणतेही गणित न मांडता नेमक्या वेळेला हजर असते, हमखास विचारते की काय हरवले आहे. खेकडा पाहत असल्याचे कळल्यावर ती हा खाण्याचा खेकडा नव्हे असे बजावते आणि, पाणी वळल्याचे ध्यानात आणून देऊन, आपली टोपली उचलते. अभ्यासक तिचे ऐकत नाही आणि गुडघाभर भिजून परततो.