टेबलाखालचा गालिचा : यवतमाळकरांसाठी खरेदीसंहिता

डायनिंग टेबलाखाली गालिचा हवा, ही गरज टेबलाची नसते. ती मोबाइलला वाटते आणि तो ती घरात सगळ्यांना पटवतो. तेव्हा ४४५००१ या पिनकोडवर पार्सल बोलावण्याआधी पुढील नियम वाचून दाखवावेत. घरातल्या सर्वांच्या सह्या घेतल्यास उत्तम.

नियम १ : फोटोतलं जेवण तपासा. विक्रेत्याच्या फोटोत टेबलावर दोन रिकाम्या प्लेटा आणि एक लिंबू असतं. जेवणारं कुणी नसतं. आपल्याकडे पाटोडीचा रस्सा असतो, त्यावर तर्री असते आणि वाढणाऱ्या काकूंचा आग्रह असतो. निम्मे डाग आग्रहाचेच. म्हणून ‘स्टेन रेझिस्टंट’ वाचून हुरळू नये. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी पीत नाही, सांडलेला चहा पुसला जातो. तेलाशी मात्र त्याचं गूळपीठ आहे, आणि तर्री म्हणजे तेलच.

नियम २ : टेप काढा. टेबलाच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट गालिचा उरला पाहिजे. पाच बाय तीनच्या टेबलाला किमान नऊ बाय सात. स्वस्त म्हणून छोटा घेतला, तर खुर्चीचे मागचे पाय काठाला अडतात आणि जेवून उठणारे मामाजी, म्हणजे सासरेबुवा, खुर्चीसकट मागे जातात. जावयासाठी यात रिटर्न पॉलिसी नाही.

नियम ३ : धाग्याची चौकशी करा. व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं, पण ओलं झालं की धागा दुबळा पडतो. ज्यूट दिसायला साधंभोळं, पाणी पडलं की तपकिरी डाग धरून बसतं. लांब केसांच्या गालिच्यात शिरलेलं भाताचं शीत दिवाळीच्या साफसफाईतच भेटतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेसोबत घरात येतो, हेही लक्षात असू द्यावं. सपाट विणीचा, झाडूने झाडता येणारा गालिचाच विचारात घ्यावा.

नियम ४ : हळदीला घाबरू नका. तर्री सांडली की चोळू नये. आधी कोरडं बेसन टाकून तेल शोषून घ्यावं, मग साबण. साबण लागताच हळद लाल होते आणि घरात आरडाओरड होते. ते निव्वळ रसायनशास्त्र आहे. भरपूर पाण्याने खंगाळून उन्हात टाकावं. हळदीचा रंग उन्हात उडतो. ऊन ही वस्तू आपल्या जिल्ह्यात फ्री डिलिव्हरीने येते. फक्त गालिच्याचा रंगही ते सोबत नेतं, म्हणून मे महिन्यात टाकून विसरू नये.

नियम ५ : तारे मोजू नका. ‘फास्ट डिलिव्हरी’ लिहून दिलेले पाच तारे पार्सल आणणाऱ्या पोराचे असतात, गालिच्याचे नव्हेत. दोन-तीन तारे देणारे, वर्षभर वापरून फोटो टाकणारे लोक शोधावेत. जगाचं भलं त्यांच्याच चिडचिडीत आहे.

नियम ६ : निकाल लावा. सपाट वीण, दोन्ही बाजूंनी वापर, घरी धुणं आणि वर्षानुवर्षं टिकणं, एवढ्या अटी घातल्यावर यादीत एकच वस्तू उरते : जाड सुती सतरंजी. पहिल्या धुण्यात रंग सोडते, ओली झाली की पिळायला दोन माणसं लागतात. बाकी तक्रार नाही. एकेकाळी इथला कापूस शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेज डब्यांत बसून मूर्तिजापूरला जायचा आणि कुठल्या कुठे कापड होऊन विकायला यायचा. आता कापसाच्या जिल्ह्यात ‘कॉटन फील’चं प्लास्टिक येतं, तेही सेलमध्ये. यावर आजींचा अभिप्राय असा : “इकतचं कायले आनतं बाप्पा? पेटीतली सतरंजी काय उंदरायले ठेवली?”

अभिप्राय मान्य करून कार्ट रिकामी करावी. पाहुण्यांनी विचारलंच, तर ‘रिव्हर्सिबल, वॉशेबल, हेरिटेज’ असं सांगावं. तिन्ही शब्द खरे आहेत आणि एकावरही जीएसटी लागलेला नाही.