377 कलमं

"काकू, त्या गुलाबाची फांदी द्या ना. कलम लावते."

"घे. माथेरान कसं झालं ते सांग आधी."

"काय सांगू! आपल्या भिलाईत 1959 ची ब्लास्ट फर्नेस म्हणजे पुराणकाळ. माथेरानला उतरलो तो बंगलाच एकोणिसाव्या शतकातला, हा एवढा व्हरांडा! गावात मोटारीला बंदी, म्हणून या गुडघ्यांनी घोड्यावर बसले मी. पूर्वी नीमराणावाल्यांनी चालवलेला बंगला तो."

"ते राजस्थानातले किल्लेवाले?"

"तेच. दिल्ली-जयपूर रस्त्याजवळचा 1464 चा किल्ला. अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग शेखावाटीतली भिंतींवरची चित्रं बघत हिंडायचे, तेव्हा नजरेत भरला. नुसता पडका हो! 1986 मध्ये मित्रांना भागीदार करून घेतला, 1991 मध्ये पाहुण्यांना उघडला. मग खोल्या वाढवत गेले. आपल्याकडे वाड्याला तडा गेला की आधी बिल्डरचा नंबर शोधतात."

"नाथांच्या बायकोने चालवून घेतलं हे सगळं?"

"बायको कुठली, काकू! ते 377 कलमवाले."

"अगं बाई, एवढी कलमं? जगली का सगळी?"

"गुलाबाची नव्हे, कायद्याचं कलम! पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. 2016 मध्ये त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्या पाच जणांत अमन नाथ होते. नर्तक नवतेज जोहर होते, शेफ रितू दालमिया होत्या. 6 सप्टेंबर 2018 ला निकाल लागला, सज्ञानांच्या राजीखुशीला गुन्हा म्हणायचं नाही. 1464 चा किल्ला उभा केला आणि 1860 चं कलम पाडलं, बघा!"

काकू फांदी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"आमचा नागपूरचा, महालातला वाडा धाकट्या मामांनी एकट्याने राखला. दर दिवाळीआधी सागवानी खांबांना तेल पाजायचे, कौलं स्वतः चढून फिरवायचे. लग्न केलं नाही. माडीवर त्यांचे एक मित्र राहायचे. आम्ही मुली जिन्याखाली फिदीफिदी हसायचो."

"आता कोण असतं तिथे?"

"चार मजली इमारत आहे. मामा गेले आणि आम्ही भाचरांनी वाडा विकला. माझीही सही आहे कागदावर. त्या मित्रांना कोणी विचारलंसुद्धा नाही गं. माडीवरचं सामान न्यायला हातगाडी त्यांची त्यांनीच आणली होती."